स्लॅबच्या पोटाला चेनपुली टांगायची आहे: अँकर क्रॅक्ड धरायचा की अनक्रॅक्ड?

चाकणचा_फिटर

नमस्कार मंडळी. चाकणला एका जुन्या कारखान्यात मेंटेनन्स पाहतो. तळमजल्यावर एका मशिनच्या डोक्यावर १ टनाची हाताने ओढायची चेनपुली टांगायची आहे. विचार असा: स्लॅबच्या पोटाला प्लेट, प्लेटला मधोमध हुक, आणि चार एम१६ (१६ मिमी जाड) मेकॅनिकल अँकर, म्हणजे ड्रिलच्या भोकात पाचरीने पकड घेणारे बोल्ट. बोल्टांमधलं अंतर दोन्ही दिशांना १२० मिमी, प्रभावी खोली (काँक्रीटमध्ये पकड बसते तिथपर्यंतची) ८० मिमी. ड्रॉइंगवर काँक्रीट एम२५ लिहिलंय. शेजारी डक्टसाठी सोडलेलं चौकोनी भोक आहे, त्याच्या काठापासून जवळचे दोन बोल्ट ७५ मिमीवर येतात.

माल देणारा म्हणतो, "८.८ ग्रेडचा एम१६ आहे साहेब, एकेक बोल्ट आठ टन घेतो, कसली काळजी?" कॅटलॉगमध्ये मात्र दोन तक्ते आहेत, क्रॅक्ड (तडा गेलेलं काँक्रीट) आणि अनक्रॅक्ड (तडा नसलेलं). स्लॅबला एकही तडा दिसत नाही म्हणून मी अनक्रॅक्डचा तक्ता धरला. बरोबर आहे ना? आणि हा हिशेब हाताने कसा करतात? मॅनेजरला कागदावर दाखवायचाय.

दुपारचा_चहा

चार बोल्ट गुणिले आठ टन म्हणजे बत्तीस टन. चेनपुली कशाला, आख्खं मशिन टांगा.

तुळई

चहा यांनी गमतीत म्हटलंय, पण हाच गुणाकार मी खऱ्या डिझाइनच्या कागदांवर पाहिलाय.

दुकानदार खोटं बोलत नाहीये. एम१६ चं आट्यांमधलं क्षेत्रफळ १५७ चौमिमी, ८.८ ग्रेडची तुटण्याची ताकद ८०० न्यूटन प्रति चौमिमी. गुणाकार १२५.६ किलोन्यूटन, सुरक्षेचा गुणक १.५ ने भागलं की ८३.७. म्हणजे साडेआठ टन. पण ही पोलादाची ताकद झाली. बोल्ट तुटायच्या कितीतरी आधी काँक्रीटचा शंकू निघून येतो. मुळा उपटताना सोबत मातीचा गड्डा येतो ना, तसा. गड्डा केवढा येणार हे मुळ्याच्या जाडीवर नाही, खोलीवर ठरतं. इथेही तेच: शंकूच्या सूत्रात बोल्टचा व्यास कुठेच नाही.

सूत्र, युरोपच्या ईएन १९९२-४ या कोडप्रमाणे, एकट्या बोल्टसाठी, काठ आणि शेजारी दूर असताना:

ताकद = क × √(काँक्रीटची ताकद) × खोली^१.५

मागून ड्रिल करून बसवलेल्या अँकरला क्रॅक्ड काँक्रीटमध्ये क = ७.७, अनक्रॅक्डमध्ये ११. उत्तर न्यूटनमध्ये, खोली मिमीमध्ये. आणि हे सगळ्यांत जास्त चुकतं: इथे काँक्रीटची ताकद सिलिंडरच्या आकाराच्या नमुन्याची घालायची. आपला एम२५ हा क्यूबचा, म्हणजे घनाकार नमुन्याचा आकडा. युरोपच्या भाषेत तो सी२०/२५, म्हणजे सूत्रात २०.

√२० = ४.४७. ८० चा दीड घात ७१५.५.
क्रॅक्ड: ७.७ × ४.४७ × ७१५.५ = २४.६ किलोन्यूटन.
अनक्रॅक्ड: ३५.२ किलोन्यूटन.

सुरक्षेचा गुणक दोन्हीकडे १.५, तोही अँकरच्या मंजुरीपत्रात (चाचण्यांनंतर त्या मालाला मिळतं ते) बसवण्याचा गुणक १.० असेल तर. १.२ किंवा १.४ असेल तर आणखी भागायचं. आत्ता १.० धरू. डिझाइन ताकद १६.४ आणि २३.५. कुठे ८३.७ आणि कुठे १६.४, बघा.

आता तडा. तडा आज दिसतो का, हा प्रश्नच नाही. चाललेल्या इमारतीच्या आयुष्यात त्या जागी पडू शकतो का, हा प्रश्न आहे. गाळ्याच्या मधल्या भागात स्लॅबचं पोट ताणात असतं. आपण सळई तिथे घालतो ती काँक्रीट तडकणार हे गृहीत धरूनच. आयएस ४५६ (आपलं काँक्रीटचं कोड) सर्वसाधारण ठिकाणी ०.३ मिमीपर्यंतचा तडा चालवून घेतं, आणि क्रॅक्डसाठी अँकरची ताकद साधारण त्याच रुंदीच्या तड्यात तपासतात. गिलाव्याखाली ०.३ मिमी तुम्हाला काय दिसणार?

अनक्रॅक्ड म्हणायचं तर ते सिद्ध करावं लागतं. युरोपच्या नियमात भाराने येणाऱ्या ताणात आकुंचन आणि तापमानाचे म्हणून ३ न्यूटन प्रति चौमिमी मिळवायचे, आणि तरीही बेरीज दाबाच्या बाजूला राहिली पाहिजे. स्लॅबच्या पोटात ते शक्य नाही. त्यातून तुमची जागा चौकोनी भोकाशेजारची. तिरपे तडे तिथल्या कोपऱ्यांतूनच निघतात. क्रॅक्ड धरा, विषय संपवा.

स्टुटगार्टवासी

तुळई यांना +१. तड्याने ताकद का घटते तेही सांगतो, नाहीतर ७.७ आणि ११ हे आकाशातून पडल्यासारखे वाटतात.

बोल्ट ओढला की त्याच्याभोवती काँक्रीटमध्ये गोल कड्यासारखा ताण तयार होतो, सगळ्या बाजूंना सारखा. बोल्टमधून तडा गेला की ते कडं तुटतं, दोन्ही बाजूंनी आपापला अर्धा भार वाहायचा. त्यातून सुमारे तीस टक्के घट. हे चांगल्या अँकरचं झालं. प्रसरण पावणाऱ्या अँकरची पकड भोकाच्या भिंतीवरच्या दाबातून येते, तडा उघडला की भिंत मागे सरते. बोल्ट ओढला गेल्यावर ज्याची पाचर आणखी घुसते तो पुन्हा पकड घेतो. ज्याची पाचर एकदा ठोकून जागेवर बसली ती बसलीच, तो सैल पडतो. आणि तडा नेमका बोल्टमधूनच का जाईल असं वाटत असेल, तर भोक हा काँक्रीटचा आधीच कमकुवत बिंदू आहे, वर पाचरीने आपण तिथे फाकवतोय. तडा तिकडेच वळतो.

ही पद्धत इथल्या विद्यापीठात वाढली. फुक्स, एलिगेहाउझेन आणि ब्रीन यांचा १९९५ चा लेख प्रसिद्ध आहे. त्याआधी अमेरिकेत ४५ अंशांचा शंकू धरत. यांनी सुमारे ३५ अंशांचा पसरट शंकू घेतला आणि तो सरळ चौरसात मोजायला सांगितला, बाजू खोलीच्या तिप्पट. हाताने हिशेब करणाऱ्याला केवढी सोय! खोलीचा घात २ नसून १.५ आहे कारण मोठ्या शंकूत तडा सावकाश पसरत जातो, सगळं क्षेत्रफळ एकाच वेळी ताकद लावत नाही.

अमेरिकेच्या काँक्रीटच्या कोडमध्ये, एसीआय ३१८ च्या १७ व्या प्रकरणात, हेच सूत्र आहे: मेट्रिकमध्ये मागून बसवलेल्याला ७, ओततानाच बसवलेल्याला १०, आणि अनक्रॅक्ड असेल तर अनुक्रमे १.४ आणि १.२५ ने गुणायचं. पण भाराचे गुणक एका कोडचे आणि ताकद दुसऱ्या कोडची अशी खिचडी करू नका.

चाकणचा_फिटर

खूप धन्यवाद. मग चार बोल्टांचे १६.४ × ४ = ६५.६ किलोन्यूटन धरू?

तुळई

नाही. एका बोल्टचा चौरस २४० बाय २४०. तुमचे बोल्ट १२० वर आहेत, म्हणजे चौरस एकमेकांवर चढलेत. तोच काँक्रीटचा तुकडा दोनदा मोजता येत नाही.

चारही बोल्टांचा मिळून एकच मोठा चौकोन काढा. एका दिशेला १२० + १२० + १२० = ३६०. दुसऱ्या दिशेला भोकाचा काठ ७५ वर आडवा येतो, म्हणून ७५ + १२० + १२० = ३१५. गुणाकार १,१३,४००. एकट्याचा ५७,६००. गुणोत्तर १.९७. चार बोल्ट लावून दोन बोल्टांचीही पूर्ण किंमत मिळत नाही.

वर काठाची वेगळी घट: ०.७ + ०.३ × (७५ ÷ १२०) = ०.८८७५.

२४.६ × १.९७ × ०.८८७५ = ४३ किलोन्यूटन. भागिले १.५ = २८.७.

अनक्रॅक्ड धरला असतात तर ४१ आला असता. दुकानदाराच्या हिशेबाने ३३५.

सळया दाट असतील तर आणखी एक घट येते. खोली १०० मिमीपेक्षा कमी असताना ०.५ + खोली ÷ २००, तुमच्यासाठी ०.९. सळया १५० मिमी किंवा जास्त अंतरावर असतील, किंवा १० मिमीपर्यंतच्या सळया १०० मिमी किंवा जास्त अंतरावर, तर ही घट लागत नाही. स्लॅबमध्ये बहुधा लागणार नाही, पण कव्हर मीटर (काँक्रीटमधल्या सळया शोधणारं यंत्र) फिरवून बघा.

गिलाव्याचं मात्र विसरू नका. खोली काँक्रीटच्या पृष्ठभागापासून. १० मिमी गिलाव्यावरून मोजली तर ८० चे ७० होतात आणि एकट्या बोल्टचा शंकू १८ टक्क्यांनी घटतो. प्लेटच्या जागेचा गिलावा खरवडून काढा.

चाकणचा_फिटर

मग पास! भार १ टन, चेनपुली-प्लेटचं वजन धरून साडेदहा किलोन्यूटन, हाताच्या पुलीला १० टक्के धक्का, वर १.५ गुणक. १७.३ येतात. २८.७ पेक्षा कमी. शिवाय अँकरवाल्याने काल एक बोल्ट लावून यंत्राने ओढूनही दाखवला, ३० किलोन्यूटनला हलला नाही.

गंजलेला_नट

ओढायच्या यंत्राचे पाय कुठे टेकवले होते?

चाकणचा_फिटर

बोल्टच्या दोन्ही बाजूंना, पाच-सहा सेंटिमीटरवर असतील. का?

गंजलेला_नट

तर मग त्यात शंकू तपासलाच गेला नाही. जो गड्डा निघायला हवा त्याच्यावरच यंत्र पाय देऊन उभं. शंकू बघायचा तर पाय बोल्टपासून खोलीच्या दीडपट लांब हवेत, तुमच्याकडे १२० मिमी. जवळच्या पायांनी बोल्ट घसरतो का एवढंच कळतं. त्याचाही उपयोग आहे, बसवणाऱ्याने भोक नीट पाडलं की नाही हे कळतं. पण काल तिथे तडा नव्हता, एकच बोल्ट होता आणि मिनिटभर ओढला. शिरोलीत आम्ही हे खूप बघितलंय. चाचणी करून देणारा आणि अँकर विकणारा एकच माणूस असतो.

तुळई

नटकाकांनी नेमकं पकडलं. शंकूबरोबर बोल्ट घसरून बाहेर येण्याची ताकदही तपासावी लागते, ती सूत्राने येत नाही, त्या अँकरच्या मंजुरीपत्रातूनच घ्यायची, क्रॅक्डच्या रकान्यातून. पत्र नसेल तर तो अँकर डोक्यावरच्या कामाला घेऊ नका.

आणि फिटर, एक गोष्ट तुम्ही सांगितलीच नाही. स्लॅबची जाडी किती?

चाकणचा_फिटर

१२५ मिमी.

तुळई

मग वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवा. मेकॅनिकल अँकरला काँक्रीटची जाडी साधारण खोलीच्या दुप्पट लागते, इथे १६०. नक्की आकडा मंजुरीपत्रात असतो, पण १२५ मध्ये ८० खोलीचा एम१६ बसणार नाही. भोक पाडताना वरचा पापुद्रा उडेल, किंवा आवळताना स्लॅब फाटेल.

कमी खोलीचा एम१२ घेता येईल का? खोली ६० धरली तर एकट्याचा क्रॅक्ड शंकू १६ किलोन्यूटन. पण बोल्ट १८० मिमीवर नेले की चौरस एकमेकांवर चढत नाहीत आणि चारही बोल्टांची पूर्ण किंमत मिळते, ६४, भागिले १.५ म्हणजे ४२.७, काठ दूर असेल तर. म्हणजे छोटा बोल्ट, उथळ खोली, आणि तरी तुमच्या गर्दी केलेल्या एम१६ पेक्षा जास्त. फक्त प्लेट जाड लागते. पातळ प्लेट वाकली की तिच्या कडा काँक्रीटवर टेकू घेतात आणि बोल्टमधली ओढ भारापेक्षा वाढते.

पण इथे मी तेही सुचवणार नाही. अँकर टिकला तरी तो भार शेवटी स्लॅबवरच आला. भोक सोडलेल्या १२५ च्या स्लॅबला मधोमध १ टनाचा बिंदुभार मूळ डिझाइनमध्ये असेल असं वाटत नाही.

दुपारचा_चहा

केमिकल अँकर मारा ना. आमच्या सोसायटीत सगळं केमिकलनेच चिकटवलंय.

स्टुटगार्टवासी

डोक्यावर, कायम ओढीखाली? बोस्टनमध्ये १० जुलै २००६ ला बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे पॅनेल मोटारीवर पडले, एक बाई गेली. पॅनेल इपॉक्सीत बसवलेल्या अँकरना टांगले होते. चौकशीत निघालं की वापरलेलं इपॉक्सी सततच्या भाराखाली हळूहळू सरकत होतं. थोड्या वेळाच्या चाचणीत ते पास झालं असतं. जपानमध्ये २ डिसेंबर २०१२ ला सासागो बोगद्याचं टांगलेलं छत कोसळलं, ९ माणसं गेली, तिथेही चिकटवलेलेच बोल्ट होते.

म्हणून नव्या नियमात चिकटवलेल्या अँकरला सततच्या भारासाठी वेगळी घट आहे. केमिकल वाईट नाही. पण भोक फुंकून, ब्रश मारून, पुन्हा फुंकून साफ करणारा माणूस हवा, आणि छतात वरच्या दिशेने भरताना पोकळी राहू नये म्हणून खास नळी लागते. क्रॅक्डमधली त्याची चिकटण्याची ताकद बऱ्याच मालांत अनक्रॅक्डच्या निम्म्यावर येते.

ठोकून बसवायचे ड्रॉप-इन अँकर एसीवाले छताला सर्रास मारतात. त्यांतले बरेचसे क्रॅक्डला फक्त अशाच ठिकाणी मंजूर असतात जिथे एक सुटला तर शेजारचे भार उचलतील. पाइप, सिलिंग वगैरे. चेनपुलीला नाही.

गंजलेला_नट

माझं दुकान शेडचं. एक जुनी शंका मध्येच विचारतो. आम्ही पेडेस्टलमध्ये (खांबाखालचा काँक्रीटचा ठोकळा) जे-बोल्ट, म्हणजे खाली आकडा वाकवलेले बोल्ट, काँक्रीट ओतताना टाकतो. डिझाइनर बाँडवर, म्हणजे सळई काँक्रीटला किती चिकटते त्यावर, हिशेब करतो: साधी सळई, एम२५ ला १.४ न्यूटन प्रति चौमिमी, २४ चा बोल्ट ६०० खोल, ६३ किलोन्यूटन. कमी पडलं की "बोल्ट लांब करा" म्हणतो. निसर्ग वादळानंतर रायगडात शेडची बरीच कामं केली, तिथे वाऱ्याच्या वरच्या ओढीचा हिशेब सगळे विचारायला लागले. तर बोल्ट लांब केल्याने खरंच फायदा होतो का?

तुळई

काका, मला विचाराल तर हा या धाग्यातला सगळ्यांत कामाचा प्रश्न आहे.

आधी जे-बोल्ट. गुळगुळीत सळईचा बाँड तेलकट हाताने आणि गंजाने बदलतो, आणि ओढ वाढली की आकडा सरळ होऊन बोल्ट वर येतो. खालच्या टोकाला नट आणि जाड वॉशर-प्लेट लावा. मग तो डोक्याचा बोल्ट होतो आणि सूत्रात क्रॅक्डला ८.९, अनक्रॅक्डला १२.७ मिळतात.

आता लांबी. पेडेस्टल ४५० बाय ४५०, चार बोल्ट २५० वर, काठ १०० वर, खोली ५००. खुल्या मैदानात ५०० खोलीचा एकच बोल्ट ४४५ किलोन्यूटनचा शंकू देतो. पण इथे चारही बाजूंना काठ १०० वर आहे. एवढा मोठा शंकू मावणारच नाही, काठ अडवतात. अशा वेळी कोड खोलीच कमी धरायला लावतं: काठावरून ६७ मिमी येते, बोल्टांच्या अंतरावरून ८३, त्यातली मोठी घ्यायची. ८३ ने एकट्याचा शंकू ३०.३. सगळ्या पेडेस्टलचं क्षेत्रफळ २,०२,५००, एकट्याचं ६२,५००, गुणोत्तर ३.२४, काठाची घट ०.९४. चौघांची मिळून ९२ किलोन्यूटन, भागिले १.५ म्हणजे ६१.

खोली ५०० ची ८०० केली तरी हा ६१ तसाच राहतो. सूत्रात खऱ्या खोलीला जागाच उरली नाही. लांब बोल्टने शंकूला एक पैचाही फायदा नाही.

पण म्हणून लांबी वाया जात नाही. ओढ काँक्रीटने घ्यायचीच नाही, पेडेस्टलच्या उभ्या सळयांनी घ्यायची. बोल्ट आपल्या खालच्या टोकाशी ओढ देतो, ती शेजारच्या सळईत जाते, सळई ती फुटिंगमध्ये नेते. एफई५०० ग्रेडची १६ मिमीची सळई एम२५ मध्ये पूर्ण ताकदीला साधारण ७७७ मिमी लांबी मागते आणि ८७ किलोन्यूटन देते. ५०० मधून वरचं कव्हर आणि शंकूचा उतार वजा करून ४०० मिमी मिळाले तर एकेका सळईचे ४५. अशा आठ सळया बोल्टांजवळ असतील तर ३६०. लांबी कामाला येते ती इथे.

सळई बोल्टपासून लांब असली तर मोजायची नाही: युरोपात खोलीच्या ०.७५ पटीत, अमेरिकेत निम्म्यात. शंकूचे ६१ आणि सळयांचे ३६० अशी बेरीजही नाही, एकच काहीतरी. आणि पेडेस्टलच्या डोक्याला, वरच्या १२५ मिमीत, दोन जाड किंवा तीन बारीक रिंगा हव्यातच. साइटवर नेमक्या त्याच रिंगा, बोल्ट जागेवर धरणारं टेम्प्लेट बसत नाही म्हणून काढून टाकतात.

गंजलेला_नट

काढतात हे खरं आहे. टेम्प्लेट आधी बसवून रिंगा मागून बांधायला सांगतो पोरांना.

निवृत्त_ओव्हरसियर

पेडेस्टल दाबात असतो, मग तो अनक्रॅक्ड नाही का धरायचा? आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता, सगळं बाँडवर.

तुळई

रोजच्या दिवशी दाबात असतो. पण बोल्टला ओढ कधी येते? वारा शेड उचलतो तेव्हा, किंवा भूकंपात बेसला मोमेंट (वाकवणारा जोर) येतो तेव्हा. ज्या क्षणी बोल्टची ताकद लागते त्याच क्षणी पेडेस्टल त्या बाजूला ताणात जातो. म्हणून तिथेही क्रॅक्डच. खरा अनक्रॅक्ड मला प्रीस्ट्रेस्ड पट्ट्यात किंवा कायम जड दाबाखालच्या भिंतीत भेटतो, तोही क्वचित. कोयनेजवळ काम असेल तर भूकंपासाठी वेगळे तपासलेले अँकर घ्या, त्यांना ०.५ आणि ०.८ मिमीच्या तड्यांतून काढलेलं असतं.

चाकणचा_फिटर

माझ्या चेनपुलीचं काय करू मग? बीम आहेत, ३ मीटर अंतरावर, ३०० बाय ५००.

तुळई

मग सोपं आहे. दोन्ही बीमच्या मध्ये दोन आयएसएमसी १२५ (१२५ मिमी उंचीचे पोलादी चॅनेल) पाठीला पाठ लावून टाका. १७.३ वर मधला मोमेंट १३ किलोन्यूटन-मीटर, चॅनेलना ताकद भरपूर आहे. टोकांना अँगलचे क्लीट (जोडणीचे तुकडे), ते बीमच्या उभ्या बाजूला, उंचीच्या मध्यावर. बीमच्या पोटात भोक नको, मुख्य सळया तिथेच आहेत.

असं केलं की अँकरमध्ये मुख्यतः कातर (बोल्टला आडवा कापू पाहणारा भार) येते, एका टोकाला ८.७ किलोन्यूटन. चॅनेलचा भार बीमच्या भिंतीपासून थोडा पुढे टेकतो, त्याने वरच्या ओळीतल्या बोल्टांना थोडी ओढ येतेच. ती क्रॅक्ड धरून याच सूत्राने काढा आणि कातरीबरोबर एकत्र तपासा. बीमच्या ३०० रुंदीत ८० ची खोली आरामात बसते.

क्लीटपासून स्लॅबपर्यंतचं माप, आणि बीमच्या रिंगांच्या जागा कव्हर मीटरने खडूने आखून फोटो टाका. मग बोल्टांच्या जागा सांगते. आणि तो बीम हा जादा भार घेतो का, हे मूळ डिझाइनरकडून लेखी घ्या.

चाकणचा_फिटर

मॅनेजरला पटलं. चॅनेल भंगार यार्डात पडलेलेच आहेत, त्यांच्यावर गंज किती चढलाय ते आधी बघतो. कव्हर मीटर शुक्रवारी मिळतोय, फोटो टाकतो.

दुपारचा_चहा

आणि आमच्या सोसायटीतलं ते केमिकलवालं? पाण्याच्या टाकीच्या स्टँडला मारलंय.

तुळई

वारा आल्यावर टाकी रिकामी असते की भरलेली, ते आधी सांगा.